साठावा चौकोन

(बेलीझच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या एका गावातलं दोन वर्षांच्या पदवीचं ज्युनियर कॉलेज. एप्रिल महिना, सकाळचे साडेअकरा. वार्षिकांकाच्या खोलीत इंग्रजीच्या मिस नोव्हेलो आणि अंकाची संपादक किआना गिलेट. टेबलावर प्रुफांचा गठ्ठा.)

मिस नोव्हेलो: ...आणि ह्या बकऱ्या कुठून आल्या?

किआना: निसर्ग क्लबच्या बागेत शिरल्या, मिस. नेमक्या फोटोच्या दिवशी. दुसरा फोटोच नाहीये.

मिस नोव्हेलो: बाग तर कुठे दिसत नाही.

किआना: बाग त्यांच्या पोटात आहे. सही करा ना मिस, चौतीस नंबर. अजून किती पानं राहिलीत. एकची बस आपल्यासाठी थांबायची नाही.

मिस नोव्हेलो: थांबेल. कंडक्टर माझा विद्यार्थी. इंग्रजीत दोनदा नापास केलाय मी त्याला.

किआना: मग तर तो मुद्दाम पाच मिनिटं आधी सोडेल. आणि साडेतीनच्या बसनं खोकं शहरात पोचेपर्यंत छापखाना बंद. सोमवारी मशीनवर दुसऱ्या कॉलेजचा अंक चढतो. मग आपला कधी येणार? जुलैत. सगळे घरी गेल्यावर.

मिस नोव्हेलो: एकदा आला होता जुलैत. मी एकटीनं गावोगाव फिरून वाटला. पायांना फोड आले होते. दे, चौतीस. झालं. पस्तीस?

किआना: बुद्धिबळ क्लब.

मिस नोव्हेलो: दहा जण? अगं, ह्या मंडळात चार टाळकी होती. पटावरचा वजीरसुद्धा हरवलेला. बाटलीचं बूच ठेवून खेळायचे बिचारे.

किआना: तुमचाच नियम आहे ना, फोटोत दहा चेहरे नसतील तर पान नाही. मग फोटोच्या दिवशी जो तो माणसं गोळा करत सुटतो. फुटबॉलवाले बुद्धिबळात उभे, बुद्धिबळवाले रेड क्रॉसमध्ये.

मिस नोव्हेलो: मला वाटलं होतं नियमामुळे पोरं मंडळात येतील. पोरं फोटोत आली. बावीस वर्षांपूर्वी डोक्यात चांगले चांगले विचार यायचे मला, त्यातलाच हा एक. चष्मा कुठाय माझा?

किआना: डोक्यावर.

मिस नोव्हेलो: हं. ‘मार्गदर्शक: श्रीमती ओगाल्देस.’ ...किआना?

किआना: पुढे चला ना मिस.

मिस नोव्हेलो: थांब. रेड क्रॉस. ‘मार्गदर्शक: श्रीमती ओगाल्देस.’ वादविवाद मंडळ. ‘मार्गदर्शक: श्रीमती ओगाल्देस.’ ढोल मंडळातही तेच. अगं, एक मंडळ सांभाळताना माझा जीव जातो. ही बाई सात-सात सांभाळते?

किआना: पहिल्या वर्षाच्या पोरांनी ओळी लिहिल्यात. त्यांना काय ठाऊक? वयानं मोठी बाई फोटोत कडेला उभी दिसली, की ती शिक्षिकाच असणार असं धरून चालले. सगळ्या क्लबांच्या मिस कडेलाच उभ्या राहतात.

मिस नोव्हेलो: आणि ओळींखाली हिरव्या शाईत ‘तपासलं, के. जी.’ हे कुणी लिहिलंय? तेही पहिल्या वर्षाच्या पोरांनी?

किआना: ...घाईत झालं असेल.

मिस नोव्हेलो: एकदा घाईत होतं. सातदा?

किआना: कोण वाचतं मिस ओळी? सगळे आपापला फोटो शोधतात, त्याच्यावर मिशा काढतात, संपलं.

मिस नोव्हेलो: बाकी कुणी वाचो न वाचो. स्वतःच्या आईला तू सात पानांवर शिक्षिका करून टाकलंस.

किआना: हळू बोला मिस. दार उघडंय.

मिस नोव्हेलो: दार उघडं असलं म्हणून काय झालं? सगळ्या कॉलेजला माहितीय.

किआना: माहिती असणं वेगळं. दोन वर्षं इथे कुणी त्यावर बोलत नाही. ती माझ्याच वर्गात शिकते, पुढच्या बाकावर बसते, मी शेवटच्या. ती मला बाबांच्या आडनावानं ‘गिलेट’ म्हणते, मी तिला ‘मिस मार्सेलिना’. सुटल्यावर ती दहा मिनिटं आधी निघते, मग मी. आमचं ठरलंय तसं.

मिस नोव्हेलो: दोघींचं ठरलंय, की तुझं?

किआना: माझं. पण तिनं ऐकलं.

मिस नोव्हेलो: आता माझं ऐक. लाल पेन घे. साती ठिकाणी ‘मार्गदर्शक’ खोड आणि तिचं नाव मुलांच्या ओळीत घाल.

किआना: ती एकाही क्लबात नाहीये! उद्या बाकीचे विचारतील, ही कुठून आली सात ठिकाणी? त्यापेक्षा फोटोच कापू. कडेलाच तर आहे. बोटभर पट्टी काढली की झालं, कळणारसुद्धा नाही.

मिस नोव्हेलो: कापू म्हणतेस?

किआना: नऊ चेहरे राहतील, पण ह्या वर्षी नियम थोडा सैल करा. शेवटचंच वर्ष ना तुमचं.

मिस नोव्हेलो: त्या कपाटातलं तिसऱ्या फळीवरचं निळं पुस्तक काढ. उजवीकडून चौथं. उजवीकडून गं.

किआना: हे? फार जुनं आहे, मिस. पानं चिकटलीत. एकोणीस वर्षांपूर्वीचं.

मिस नोव्हेलो: नाट्य मंडळ काढ. एक्केचाळीस नंबर.

किआना: सापडलं. दहा मुली आहेत. केस काय हे! आता ह्यात काय बघू?

मिस नोव्हेलो: शेवटची मुलगी. लोर्ना तिचं नाव. तिचा उजवा खांदा बघ.

किआना: खांद्यावर हात आहे कुणाचा तरी. ...पण मागे कुणीच नाहीये. बाजूलाही नाही. नुसताच हात.

मिस नोव्हेलो: हात कापायला गेले तर लोर्नाचा खांदा जात होता. म्हणून तेवढा ठेवला. तेव्हा आम्ही फोटो कात्रीनं कापून खळीनं चिकटवायचो.

किआना: कुणाचा आहे?

मिस नोव्हेलो: होती एक मुलगी, पहिल्या वर्षातली. नाटकात मोठमोठ्यानं बोलायची, पार भाजीबाजारापर्यंत ऐकू जायचं. दिवस गेले तिला. लग्न झालेलं नव्हतं. जानेवारीत कॉलेजनं नाव काढलं. तेव्हाच्या प्राचार्या सिस्टर म्हणाल्या, अंकातूनही काढा. मी काढलं. माझी नोकरी तीन वर्षांची होती. ‘का’ असं विचारायचंही सुचलं नाही मला. कात्रीला धार आहे का, एवढंच बघितलं.

किआना: मिस, हिच्या बोटावर हा डाग...

मिस नोव्हेलो: डाग नाही, भाजल्याची खूण आहे. कसावाच्या कंदाची भाकरी भाजताना तव्याचा चटका बसतो तिथे. रोज रात्री घरी बघतेस तू तो हात.

किआना: आई म्हणते तिनंच सोडलं. अभ्यास झेपेना म्हणून.

मिस नोव्हेलो: मार्सेलिनाला झेपेना? आजही निबंधात ती पहिली आणि तू चौथी.

किआना: ते सांगायलाच हवं होतं का?

मिस नोव्हेलो: नाही. चुकले.

किआना: म्हणजे माझ्यामुळे काढलं तिला.

मिस नोव्हेलो: तुझ्यामुळे नाही गं. तू शेंगदाण्याएवढी होतीस. आम्ही काढलं.

किआना: मग तुम्ही मला कशाला शिकवताय? तुम्ही तर कात्रीनं कापलंत तिला. मी नुसतं कडेला राहू दिलं.

मिस नोव्हेलो: बरोबर आहे तुझं. बोल. मला बोलणारं कुणी नव्हतं, तेच वाईट झालं. दरवर्षी नवा अंक ठेवायला हे कपाट उघडते आणि तो हात आठवतो. कंटाळले आता. तू अठरा वर्षांची आहेस, तुझ्या मागे हे नको लागायला, एवढंच. ...आता ती पदवीधरांची पानं दे.

किआना: ती झालीत. सकाळीच सही केलीत तुम्ही.

मिस नोव्हेलो: चष्मा नसताना केली. दे. साठ चौकोन, साठ मुलं. पण साठाव्या चौकोनात कॉलेजचं चिन्ह छापलंय. साठावं मूल कुठे गेलं?

किआना: ती पदवीच्या फोटोच्या दिवशी आली नाही.

मिस नोव्हेलो: मार्सेलिना आली नाही? पाऊस असो, वादळ असो, तिची हजेरी कधी चुकत नाही, आणि नेमकी त्याच दिवशी आली नाही?

किआना: मला काय माहीत? ...बारा वाजत आले. मिस, आज शुक्रवार. ती आत्ता येईल. प्लीज, तिच्यासमोर हे काढू नका.

मार्सेलिना: आत येऊ का? की संपादक मंडळाला वेळ नाही?

मिस नोव्हेलो: ये, मार्सेलिना. बस.

मार्सेलिना: बसले तर उठवायला चार माणसं लागतील. पहाटे तीनपासून उभी आहे, पाठ म्हणजे नुसतं लाकूड झालंय. ही तुमची शुक्रवारची भाकरी. आणि हा तळलेला मासा, कारण दोघींनी सकाळपासून काही खाल्लं नसणार. काय गं गिलेट, झालं का पुस्तक?

किआना: होतंय, मिस मार्सेलिना.

मार्सेलिना: फाटकात त्या बुद्धिबळवाल्या पोरानं सांगितलं, तुम्ही पुस्तकात शिक्षिका झालात म्हणून. मी म्हटलं, बरं झालं. सोमवारपासून वहीबिही आणत नाही, छडीच घेऊन येते.

मिस नोव्हेलो: हसू नको. ती चूक झालीये. आता दुरुस्त करतोय.

मार्सेलिना: राहू द्या हो. कुणाचं काय बिघडतंय? किराणावाली म्हणेल, मार्सेलिना ओगाल्देस, सात क्लबांची मिस! आठवडाभर तरी मान देईल, मग पुन्हा शिळा कांदा गळ्यात मारेल.

मिस नोव्हेलो: तू सात फोटोंत कशी गेलीस पण?

मार्सेलिना: बोलावलं म्हणून. पदवीच्या फोटोनंतरच्या आठवड्यात, मधल्या सुट्टीत झाडाखाली भाकरी विकत बसले होते. ते बुद्धिबळाचं पोरगं आलं, म्हणालं, मिस, एक जण कमी पडतोय, पान जाईल आमचं. रडवेला झाला होता. गेले. मग ढोलवाले आले, मग रेड क्रॉसवाले. टोपलीवर फडकं टाकायचं, उभं राहायचं, परत यायचं.

मिस नोव्हेलो: नाही म्हणायचंस.

मार्सेलिना: का म्हणू? मला आवडलं ते. खोटं कशाला बोलू, मिस? चौकोनात तर मी नव्हते. म्हटलं, निदान कडेला तरी असू. सात ठिकाणी उभी राहिले, तर एखाद्या पानावरून तरी कापायचं राहून जाईल.

मिस नोव्हेलो: ...तुला माहीत होतं, मी कापलं होतं ते?

मार्सेलिना: लोर्नानं आणून दाखवलं ना ते पुस्तक. ही तेव्हा दीड महिन्याची, मांडीवर. कापलेली कड तिरकी होती. मी म्हटलं, ही मिस नोव्हेलोंची कात्री, फळ्यावरची रेघसुद्धा त्यांना सरळ मारता येत नाही.

मिस नोव्हेलो: मार्सेलिना, मी तुझी माफी कधीच मागितली नाही.

मार्सेलिना: नाही मागितलीत. फार राग होता मला. अजून थोडा आहे. पण भाकरी तुम्हाला कधी शिळी दिली का?

मिस नोव्हेलो: नाही.

मार्सेलिना: मग झालं तर. मासा गरम आहे तोवर घ्या. ...हे निळं पुस्तक इथे का उघडलंय? हिला दाखवलंत?

मिस नोव्हेलो: दाखवलं.

मार्सेलिना: नव्हतं दाखवायचं. मी तिला वेगळं सांगितलं होतं.

किआना: अभ्यास झेपला नाही म्हणून सांगितलंस.

मार्सेलिना: लहान होतीस. नाहीतर काय सांगणार होते, तू पोटात होतीस म्हणून हाकललं? शाळेत जाऊन तेच डोक्यात घेऊन बसली असतीस.

मिस नोव्हेलो: मला एकच सांग. पदवीच्या फोटोला तू का आली नाहीस?

मार्सेलिना: आले होते की. पांढरा ब्लाउज कडक इस्त्री करून. केसही नीट बांधले होते, वहिनीनं दोन तास घातले त्यात. गुरुवारी आले.

मिस नोव्हेलो: फोटो बुधवारी होते, त्या दिवशी तास नव्हते. फळ्यावर नोटीस होती.

मार्सेलिना: हो, होती. चुकीची वाचली मी. डोळे गेलेत माझे धुरानं.

मिस नोव्हेलो: छत्तिसाव्या वर्षी?

मार्सेलिना: तव्यासमोर बसा महिनाभर, मग विचारा. जाऊ द्या ना, मिस. फोटोवाला गेला होता, गेला. मी त्याच ब्लाउजवर घरी जाऊन कसावा किसला. आता पुस्तक वेळेवर छापून येऊ दे. पोरीनं सहा महिने घातलेत त्यात, झोपेत पानांचे नंबर बडबडते.

किआना: तिनं चुकीची वाचली नाही.

मार्सेलिना: गिलेट, तू तुझं काम कर.

किआना: मी सांगितलं तिला गुरुवार म्हणून. मंगळवारी रात्री विचारलं होतं तिनं. नोटिशीसमोर गर्दी होती, तारीख नीट दिसली नाही, कधी आहे गं? मी म्हटलं, गुरुवार.

मिस नोव्हेलो: किआना!

किआना: घरी तीच, वर्गात तीच. पेपर वाटताना तिचे मार्क आधी, मग माझे. मुलं विचारतात, तू आईचा गृहपाठ करतेस, की आई तुझा? दोन वर्षं झाली. मला एक पान हवं होतं जिथे मी एकटी असेन. एकच पान, मिस. ...गुरुवारी ती इस्त्री करत होती, मी तिथेच चहा पीत होते. तेव्हा सांगायला हवं होतं की फोटो झाले. तोंडच उघडलं नाही.

मार्सेलिना: मला माहीत होतं.

किआना: कधीपासून?

मार्सेलिना: गुरुवारीच. फाटकातून आत आले, नोटीस वाचली. तेव्हा गर्दी नव्हती.

किआना: आणि तू काही बोलली नाहीस?

मार्सेलिना: दोन दिवस भात करपवला, आठवतंय? तू म्हणालीस, लक्ष कुठाय तुझं. तेच माझं बोलणं. वाईट वाटलं, बाळा. इतकं वाईट वाटलं की रस्त्यात भर उन्हात बसावंसं वाटत होतं. सिस्टरांनी काढलं त्याचं इतकं वाटलं नव्हतं. त्या परक्या होत्या.

किआना: ओरडायचंस ना मग. मारायचंस.

मार्सेलिना: अंगात त्राण नसतं गं रात्री. आणि ओरडून काय, तू म्हणाली असतीस, बरं, उद्यापासून कॉलेज सोड. भीती वाटली मला. तू म्हणाली असतीस तर मी सोडलंही असतं.

किआना: मी असं नसतं म्हटलं.

मार्सेलिना: नक्की?

किआना: ...माहीत नाही. आत्ता नाही म्हणणार.

मिस नोव्हेलो: सव्वाबारा वाजलेत. तुम्ही दोघी रडणार असाल तर मी दार लावते. नाहीतर त्या कपाटात मरून कापड आहे.

मार्सेलिना: कसलं कापड?

मिस नोव्हेलो: पदवीच्या फोटोत सगळ्या मुलींच्या खांद्यावर दिसतं ते. एकच आहे, सगळ्यांना तेच. पुढून राजेशाही, मागून नुसत्या पिना.

मार्सेलिना: आज नको हो, मिस. घामानं निथळतेय मी. केसांत धूर आहे. अंगावर हे फाटकं...

किआना: फाटकं झाकलं जातं. उभी राहा. निळ्या पडद्यासमोर. कॅमेरा चार्ज आहे, मिस, मी बघितलंय.

मिस नोव्हेलो: आणि पुस्तकात जागा?

किआना: चिन्ह काढायचं. ओगाल्देस येते पालासिओच्या आधी. तिथून पुढचे सगळे एकेक घर सरकवा, असं मी समासात लाल शाईत लिहिते. फोटोची चिप पाकिटात घालून वरच चिकटवते.

मिस नोव्हेलो: छापखानेवाला शिव्या घालेल.

किआना: घालू दे. वळ ना. पाठ कर माझ्याकडे.

मार्सेलिना: आई गं! टोचली.

किआना: हलू नको मग. पुरत नाहीये कापड मागे.

मार्सेलिना: कोवळ्या पोरींच्या मापाचं आहे, दोन बाळंतपणांच्या नाही. जोर लाव.

मिस नोव्हेलो: माझ्या पाकिटात मोठी पिन आहे. धर.

किआना: झालं. थोडं केसावर... थांब, पीठ लागलंय कानाशी. पुसते. बघ इकडे. मान जरा डावीकडे. इतकी ताठ नको.

मार्सेलिना: पाठ लाकूड झालीये सांगितलं ना.

किआना: डोळे मोठे कर. हात खाली.

मार्सेलिना: हात येतात का ह्यात?

किआना: नाही. फक्त खांद्यापर्यंत.

मार्सेलिना: बरंय. त्या पुस्तकात नुसता हात आला, ह्यात हात सोडून बाकीचं सगळं.

मिस नोव्हेलो: मार्सेलिना, मी हसू की रडू?

मार्सेलिना: तुम्ही मासा खा.

किआना: हसू नको ना, आई! हलतं ते. ...आता. अजून एक. हां.

मार्सेलिना: काय म्हणालीस?

किआना: अजून एक म्हणाले.

मार्सेलिना: त्याच्या आधी.

किआना: ...हलतं ते म्हणाले. काढ ते कापड, वेळ नाहीये. मिस, फोटोखाली नाव, गाव आणि क्लब लिहायचे असतात. हिचा क्लब कुठला लिहू?

मार्सेलिना: एकही नाही. साडेतीनला क्लब भरतात, तेव्हा मी घरी कसावा किसत असते. जे खरंय ते लिही.

मिस नोव्हेलो: एकोणीस वर्षांपूर्वी होती ती एका मंडळात. नाव काढलं कॉलेजनं, मंडळातून तिनं राजीनामा कधी दिला नाही. मी मार्गदर्शक होते, मला ठाऊक आहे. नाट्य मंडळ लिही.

किआना: चालेल, आई?

मार्सेलिना: ...लिही.

किआना: आणि सात फोटोंत? ‘मार्गदर्शक’ खोडते. मुलांच्या ओळीत शेवटी घालते, ‘मार्सेलिना ओगाल्देस, दुसरं वर्ष’. सभासद म्हणत नाही, काहीच म्हणत नाही. मिस, तुम्ही अर्धी पानं घ्या, मी अर्धी.

मिस नोव्हेलो: आण. पेन चालत नाहीये हे. दुसरं दे. माझ्या रेघा तिरक्या येतील हं.

मार्सेलिना: येऊ देत. फक्त कात्री हातात घेऊ नका.

मिस नोव्हेलो: वाजले किती?

किआना: बारा पस्तीस. रेड क्रॉस झालं. ढोल झालं. बुद्धिबळ तुमच्याकडे आहे.

मिस नोव्हेलो: झालं. आता ह्या पदवीच्या पानावर मी पुन्हा सही करते. चष्मा लावून. तुझी हिरवी खूण?

किआना: केली. दोरी कुठाय? आई, ह्या गाठीवर बोट ठेव. घट्ट. सोड.

मार्सेलिना: झालं? मग मी निघते. टोपली झाडाखाली ठेवलीय, पोरं भाकरी पळवतील. दहा मिनिटांनी ये तू, नेहमीसारखी. बस मिळेल अजून.

मिस नोव्हेलो: किआना, खोकं जड आहे. कुणाला तरी हाक मारू का?

किआना: नको. आई, एका बाजूनं धर.

मार्सेलिना: फाटकात तुझी सगळी वादविवादवाली मंडळी उभी आहेत. आत्ताच येताना बघितली मी.

किआना: मलाही दिसतायत खिडकीतून. धर ना, हात दुखतोय माझा.